माणिक आत कशी आली

"ती आत आली कशी, त्याच्यावर सगळं लटकलंय, अंकल," जॉनी म्हणाला आणि मांडीवरच्या जाडजूड पुस्तकाचं पान त्याने उलटलं.

बर्नार्ड पडवीत बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होता. "कशी म्हणजे? पायाने आली."

"तसं नाय हो. परवानगीने आली की बिनपरवानगी?"

"आठ वर्षांची पोर हाय ती. परवानगी काय मागेल?"

'हाय' म्हणाला तो. 'होती' म्हणायला त्याची जीभ अजून शिकली नव्हती.

जॉनी त्याच्या बहिणीचा मुलगा, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. पुढच्या महिन्यात त्याचा टॉर्टचा पेपर होता आणि उद्या मामाची साक्ष. एका दगडात दोन पक्षी. ज्याच्या विहिरीत पोर गेली त्यालाच समोर बसवून उजळणी चाललेली.

"हा गुन्हा नाय, टॉर्ट आहे. गुन्ह्यात पोलीस मागे लागतात, यात शेजारी. तीन गोष्टी लागतात. एक, दुसऱ्याची काळजी घ्यायचं तुमचं कर्तव्य. दोन, ते तुम्ही चुकवलं. तीन, त्यापायी त्याचं नुकसान झालं. तिन्ही एका दोऱ्यात ओवल्या की तुम्ही अडकलात."

"पोरगी गेली त्याला नुकसान बोलतात?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मग पुस्तक लिवणाऱ्याला पोरं नसतील," बर्नार्ड म्हणाला आणि जुडी इतकी करकचून बांधली की पाला तुटून हातात आला.

मरोळ गावठाणाच्या कडेला बर्नार्डची वाडी. मुळा, माठ, दुधी. चहूबाजूंनी कारखाने आणि नव्या बिल्डिंगी चढत होत्या, तरी मधोमध ही हिरवी चिंधी त्याने दात रोवून धरून ठेवलेली. वाडीत विहीर, विहिरीमागे दगडी भिंत, भिंतीपलीकडे बैठी चाळ. त्या चाळीत दशरथ राहायचा. संपात गिरणी गेली तेव्हापासून एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्याची बायको सुगंधा पाण्यासाठी पार नाक्यापर्यंत वणवण करते हे बघून बर्नार्डनेच एके दिवशी पहार घेऊन भिंतीचे दगड काढले आणि वाट पाडली. तेव्हापासून ती वाट दोन्ही घरांची. माणिक, दशरथची एकुलती एक पोर, त्या वाटेने दिवसातून दहादा इकडेतिकडे करायची.

मग बर्नार्डच्या नॅन्सीचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर आल्या आणि नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी भरून वाजतगाजत घेऊन गेल्या. त्यासाठी विहिरीवरच्या फळ्या काढल्या होत्या. त्या परत टाकायला बर्नार्ड वाकला आणि थांबला. त्याची आई म्हणायची, पोरीचं लग्न लागेस्तोवर विहीर झाकू नये, तिचं नशीब झाकतं. आईच्या निम्म्या गोष्टींना तो हसायचा. पण पोरीच्या लग्नात कोण हसणार? फळ्या राहिल्या भिंतीला टेकून.

सकाळी चर्चला निघताना माणिक भिंतीच्या वाटेत उभी दिसली. बर्नार्डने तिला सांगितलं, मागच्या स्वयंपाकघरात फुगियांचं टोपलं हाय, जाऊन घे. आंबवलेल्या पिठाचे ते तळलेले गोळे पोरीला फार आवडायचे. स्वयंपाकघराचं मागचं दार विहिरीच्या पल्याड होतं.

एवढंच झालं होतं.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि गेले. पण बर्नार्डच्या बायकोच्या, मोनिकाच्या भावाने आणलेला वकील पक्का होता. त्याने बजावलं, बोलावल्याचं कोणाला बोलायचं नाही. आणि त्या लोकांशी तर एक शब्द नाही. वाईट वाटतं म्हणालात तरी ते कबूल केल्यासारखं होईल, मग वाडी विकून भरपाई द्याल.

"वाडी गेली तर भाजी कुठे लावू, फुटपाथवर?" मोनिका म्हणाली. बिचारी वाईट नव्हती, घाबरली होती.

बर्नार्डने तोंड शिवून घेतलं. मर्तिकाला गेला नाही. बाराव्याला पांढरा शर्ट घालून वाटेपर्यंत गेला, आणि पलीकडून बायकांचं रडणं ऐकून परत फिरला.

दशरथने वाट बघितली. मग एका दुपारी भिंतीपाशी येऊन उभा राहिला.

"बर्नार्ड, तू येक शब्द बोलूक नाय."

बर्नार्डच्या हातात झारी होती. पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं.

"अरे, बोल मरे कायतरी. शिवी दी."

बर्नार्ड घरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी दशरथने विटा आणून वाट बंद केली आणि महिन्याभरात कोर्टाची नोटीस आली.

आता दीड वर्षाने साक्ष.

"उद्या नीट बोला," जॉनीने पुस्तक मिटलं. "न विचारता घुसणाऱ्याची मालकाने फारशी काळजी घ्यायची नसते. पण लहान पोर असलं की कोर्ट जरा नरम पडतं. म्हणून वकील म्हणतात, सांगा की तिला दोनदा हाकललं होतं. बोला बघू एकदा."

"हाकललं होतं."

"दोनदा."

"दोनदा हाकललं होतं." बर्नार्डने टोपली उचलली. "झालं? जा आता, आंटीने कालवण ठेवलंय, जेव."

कोर्टात पंखा होता, पण तो साहेबांच्या डोक्यावर. दशरथ ड्युटीवरून थेट खाकी कपड्यात आला होता. शेजारी सुगंधा. केवढी वाळली होती. बर्नार्डने तिला इतक्या दिवसांत समोरासमोर बघितलंच नव्हतं, नुसत्या भिंतीपलीकडच्या तिच्या बांगड्या ऐकल्या होत्या. आणि आता त्या वाजत नव्हत्या.

त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. त्याच्याच वकिलाने मऊ आवाजात विचारलं, "मयत मुलीला तुमच्या वाडीत यायची परवानगी होती का?"

"तिला परवानगी लागत नव्हती."

"प्रश्न नीट ऐका. तुम्ही तिला पूर्वी हाकललं होतं, बरोबर?"

बर्नार्डने तोंड उघडलं. शब्द पाठ होते, ओठांपर्यंत आलेही. पण हाकलली म्हटलं की ती पोर पुन्हा एकदा मरणार होती, या खेपेला चोरटी म्हणून.

"नाय. मी बोलावली तिला. फुगिया घ्यायला. विहीर मीच उघडी ठेवली आणि भिंतीला वाटपण मीच पाडली."

"साहेब, साक्षीदाराची तब्येत…"

"तब्येत चांगली हाय."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "सावकाश बोला. टाइप होतंय."

बर्नार्ड सावकाश बोलला. मागच्या बाकावर जॉनीने डोकं दोन्ही हातांत धरलं. काल शिकवलेल्या तिन्ही गोष्टी मामा स्वतःच्या हाताने ओवत होता.

बाहेर व्हरांड्यात वकील म्हणाला, "वाडी गेली समजा," आणि काळा कोट हातावर टाकून चालू लागला. जॉनी त्याच्यामागे धावला. मोनिका खांबाला टेकून उभी राहिली. मग पुढे होऊन नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं ते तिने लावून टाकलं.

सुगंधा आली. मागे दोन पावलांवर दशरथ.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्या पोरीशी शेवटचे तुम्ही बोललात?"

"हो."

"दीड वर्ष मी इचार करतंय, शेवटी काय बोलली असात ती. काय बोलली?"

 

"मी बोललो, टोपलं हाय, घे. तिने विचारलं, किती घेऊ? मी बोललो, ओच्यात राहतील तेवढे."

"मग?"

"मग विचारलं, बाबाला पण नेऊ? मी बोललो, ने."

दशरथने तोंड भिंतीकडे केलं.

"हसली?" सुगंधाने विचारलं.

"हसली. पुढचा दात नव्हता."

"आदल्या दिवशी पडललो," दशरथ भिंतीकडे बघतच म्हणाला. "मीच कौलार टाकलंय."

"मग हॉर्न वाजला," बर्नार्ड म्हणाला. "मी गाडीत बसलो."

व्हरांड्याच्या टोकाला जॉनी हात हलवून बोलवत होता, वकीलसाहेब खाली थांबलेत म्हणून. कोणी तिकडे बघितलं नाही. सुगंधा बाकावर बसली, पदर गुडघ्यांवर नीट ओढून घेतला आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "पयल्यापासून सांगा."

बर्नार्ड बसला.

"सकाळी मी कोट घालून बाहेर आलो," त्याने सुरुवात केली.