रेषेवरचा पाय

गाडी जागची हलली नव्हती, पण काटा ऐंशीवर होता. पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर गरगरत होती आणि बॉनेटसमोर माणसाच्या उंचीचा पंखा घोंघावत होता. काचेजवळ टांगलेल्या पडद्यावर हिरवी रेषा सरकत होती. ती चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा. रेषेच्या वरखाली थोडी मोकळीक असे, तिच्या बाहेर काटा गेला की फेरी बाद.

ताई हे काम बावीस वर्षं करत होत्या. इतके किलोमीटर गाडी चालवून आपण कुठ्ठंच गेलो नाही, हा विनोद त्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवून मोकळ्या होत.

आज काचेच्या भिंतीपलीकडे इंजिनिअरसाहेबांशेजारी ताईंचा दीर उभा होता. हाताची घडी घालून, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत.

त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो सातवीत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याचं आजारपण, परीक्षा, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट, सगळं ताईंनीच पाहिलं. चारचौघांत त्या त्याला भाऊजी म्हणत, घरात नुसतं धाकट्या. दोन वर्षांपूर्वी या धाकट्यानं बरी चाललेली नोकरी सोडून एअर फिल्टरचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कागदाला घड्या घालायचं एक यंत्र आणि सहा बायका. फिल्टरचा आकार त्याचा स्वतःचा, त्याला जोडायची हवेची रुंद नळीही त्याचीच. या दोन्हींमुळे गाडी दहा टक्के कमी पेट्रोल पिते, असं तो सांगे, आणि मनापासून सांगे. कॉलेजात असताना त्यानं थोरल्या भावाच्या जुन्या गाडीचा चोंदलेला फिल्टर बदलला होता. काळा धूर थांबला आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी कितीतरी लांब गेली. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताईंना तेही माहीत होतं आणि पुढचंही. ती गाडी कार्बोरेटरची. हवा कमी पडली तरी तिच्यात पेट्रोल पडायचं ते पडतच राही. आताच्या गाड्यांत कॉम्प्युटर आत आलेली हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. त्यांनी हे धाकट्याला दोनदा समजावलं होतं. तो म्हणाला होता, मोजल्याशिवाय कशाला बोलायचं. मोठा व्यापारी माल उचलायला तयार होता, फक्त त्याला प्रयोगशाळेचा कागद हवा होता.

काल संध्याकाळी तो घरी आला. चहा घेतला, भावाशी इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना दारात चपला घालता घालता थांबला.

"वहिनी, उद्या गाडीवर तूच आहेस ना?"

"दुसरा ड्रायव्हर रजेवर आहे. तू माझा दीर आहेस हे मी साहेबांच्या कानावर घातलंय. ते म्हणाले, मोजतं यंत्र, तुम्ही फक्त चालवा."

"यंत्र मोजतं," तो म्हणाला, "पण पाय तुझाच असतो."

बोलता बोलता तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसला नाही. ताईंचे यजमान पेपरात डोकं घालून बसले होते. ते त्यातून बाहेर आलेच नाहीत.

पायाचं ते खरं होतं, आणि ते त्याला ताईंनीच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. मोकळिकीच्या आत राहूनही पाय मऊ ठेवला तर पेट्रोल वाचतं, दचके दिले तर जास्त जातं. काटा रेषेवर दिसतो, कुणाला शंका येत नाही.

जुना, धुळीनं चोंदलेला फिल्टर लावून दोन फेऱ्या झाल्या. बाजारातला साधा नवा फिल्टर लावून दोन. मग धाकट्याचा फिल्टर आणि त्याची नळी बसवली. पाचवी फेरी सुरू झाली. रेषा चढू लागली आणि ताईंच्या लक्षात आलं, की आपला पाय पेडलवर नुसता टेकल्यासारखा आहे. त्यांनी ठरवून काही केलं नव्हतं. झोपलेल्या मुलाच्या खोलीतून बाहेर पडताना पाऊल आपोआप हलकं पडावं, तसा तो पडत होता. वीस मिनिटांची फेरी त्यांनी पुरी केली, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

"साहेब, ही फेरी धरू नका. पाय बरोबर नव्हता."

साहेबांनी आलेख पाहिला. "रेषेच्या आतच होतात की, ताई."

"आत होते. पण आधीच्या चार फेऱ्यांसारखी नव्हते. पुन्हा घेऊ."

धाकट्यानं हाताची घडी सोडली आणि हात खिशात घातले.

पुन्हा घेतलेली फेरी आणि त्यानंतरची, दोन्ही ताईंनी नेहमीच्या पायानं चालवल्या. निकालाला वेळ लागला नाही. पेट्रोल तिन्ही फिल्टरना सारखंच लागलं होतं, फरक पडला तो दुसऱ्या दशांशात. प्रत्येक फिल्टरच्या फेऱ्यांनंतर पूर्ण पेडल दाबून वेगही पकडून पाहिला होता, त्यात मात्र चोंदलेल्या फिल्टरला दोन सेकंद जास्त लागले होते. धाकट्याचा फिल्टर आणि साधा नवा, दोघांत काहीच फरक नव्हता. साहेबांनी तसं लिहून सही केली.

फाटकापर्यंत ताई त्याच्याबरोबर चालत गेल्या. कागदाची घडी घालत तो म्हणाला, "आजवर तू कधी माझ्या विरुद्ध गेली नव्हतीस."

"विरुद्ध नाही रे. मी रेषेवरून गेले."

त्यानं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते ताईंना कळलं नाही.

चार महिने तो घरी फिरकला नाही. व्यापाऱ्यानं माल घेतला नाही, सहातल्या चार बायका दुसरीकडे कामाला गेल्या, हे सगळं ताईंच्या कानावर यजमानांकडून येई. मग एका सुट्टीच्या दुपारी त्या न सांगता त्याच्या कारखान्यावर गेल्या. यंत्र चालू होतं. पिठाच्या गिरण्यांना आणि शेतातल्या इंजिनांना फिल्टर द्यायला त्यानं सुरुवात केली होती, जिथं प्रश्न धुळीचा असतो, पेट्रोलचा नाही. त्यानं वर पाहिलं, एका स्टुलावरचा पसारा उचलला, स्टूल बाहीनं पुसलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

दोघी बायका जमिनीवर बसून छापलेली खोकी उकलत होत्या आणि छापील बाजू आत घेऊन पुन्हा चिकटवत होत्या. दहा टक्के बचतीची मोठी लाल अक्षरं एकेका खोक्याच्या पोटात जात होती. बाहेर कोरा तपकिरी पुठ्ठा उरत होता.

ताईंनी स्टूल भिंतीकडे सरकवलं, त्या खाली बसल्या आणि ढिगातलं एक खोकं ओढून घेतलं. पहिलं जरा तिरकं चिकटलं. धाकट्यानं ते त्यांच्या हातून घेतलं, कडा जुळवल्या, आणि गोंद सुकेपर्यंत दोन्ही तळव्यांत दाबून धरलं.