ओइवाचं पांढरं फडकं

"ओइवाला न्यायला येतात तेव्हा तुझ्या वडिलांच्या जॅकेटला वास येतो गं. डिझेलचा नव्हे, जळका. ओइवाच्या केसांनाही लागतो तो," पाळणाघरातल्या मार्युक्का ऑक्टोबरातच म्हणाल्या होत्या.

"ओंडक्यांच्या ट्रकवाल्याला काय अत्तराचा वास येणार?" असं म्हणून हेल्काने आपल्या पोराच्या डोक्यावर टोपी ओढली आणि निघाली. रस्ताभर धुसफुसत होती. आपल्या हातांना ग्रीसचा वास येतो, बापाला धुराचा येतो, म्हणून ही बाई नाक मुरडते, एवढाच अर्थ तिने काढला.

नंतर बर्फ पडलं, आणि बापाचा ट्रक धापा टाकायला लागला.

हेल्का शिकलेली इंजिनियर. कुहमोजवळच्या गॅरेजात दुखणं शोधायचं काम तिचं, पाने फिरवायचं मिस्त्री यार्मोचं. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली आणि पहिलीच डोकेदुखी घरची निघाली. मोकळा ट्रक छान पळायचा. ओंडके भरून चढाला लागला की दम तुटायचा. स्कॅनर दर वेळी तेच सांगे, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो पुरेसा दाब देत नाही.

तिने टर्बोची दांडी हलवून पाहिली, घट्ट होती. हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा आला नाही. जळलेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडून काजळी खरवडली. तरी पंधरवड्यात ट्रक पुन्हा दारात.

"नवा टर्बो टाकू या," यार्मो म्हणाला.

"जुन्याने काय पाप केलंय? उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं. लोडवरच काहीतरी होतंय."

"मग लोडवर जाऊन शोध बाई. मी इथे कॉफी पितो."

पण हेल्काची झोप उडवली होती ती ट्रकने नाही, बापाने. एका गुरुवारी कालेर्वो जेवायला आला आणि म्हणाला, "आज सूप कसलं केलंस?"

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. गुरुवारी वाटाण्याचंच सूप असतं, हे या देशात तान्ह्या पोरालाही ठाऊक.

"चेष्टा करताय ना बाबा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. चेष्टा करत नव्हता.

त्याच आठवड्यात त्याने ओइवाला कारमधल्या लहान मुलांच्या खुर्चीत बसवलं आणि पट्टा न लावताच गाडी सुरू केली. हेल्का खिडकीत होती म्हणून दिसलं. ती मोज्यांवरच बर्फातून धावली. ओरडायला तोंड उघडलं, तोवर बापानेच इंजिन बंद करून किल्ली तिच्या हातात ठेवली.

"आमच्या म्हाताऱ्याचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही. पोरी, ओइवाला माझ्याकडे देऊ नकोस. तू म्हणायच्या आधी मीच सांगतो. वसंतात ट्रकही विकून टाकतो."

तिने ओइवाला उचलून कडेवर घेतलं. 'असं बोलू नका' म्हणायला हवं होतं, पण मनात पक्कं झालं होतं: नाहीच देणार.

तेव्हापासून ती बापावर नजर ठेवायला लागली, तापलेल्या लेकरावर ठेवतात तशी. आणि एक गोष्ट तिला खुपायला लागली. रविवारी कालेर्वो पत्त्यांत सगळ्यांना हरवायचा, वर कोणी कोणतं पान कधी टाकलं ते ऐकवायचा. सोमवारीही बरा. गुरुवार-शुक्रवार आला की डोकं धरून बसायचा, शब्द शोधायचा. म्हातारपण काय रविवारची सुट्टी घेतं?

मग मार्युक्कांचं बोलणं आठवलं: जळका वास. आणि रविवारी बाबा ट्रकमध्ये बसत नाहीत.

तिने खुंटीवरचं जॅकेट नाकाला लावलं. काही नाही. बाबांचा वास, बस. याच वासात ती लहानाची मोठी झाली होती, त्याच वासात रोज काम करत होती. या घरातल्या एकाही नाकाची साक्ष चालण्यासारखी नव्हती.

तिने ओइवाची दोन पांढरी फडकी धुतली, बाहेरच्या थंडीत वाळवली. एक बरणीत बंद केलं, दुसरं ट्रकमध्ये बापाच्या सीटमागे टांगलं.

"हे काय, माझा झेंडा?" कालेर्वो म्हणाला.

"राहू दे ना बाबा एक दिवस."

संध्याकाळी ते काढून दुसऱ्या बरणीत बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बरण्या तिने मार्युक्कांपुढे ठेवल्या. "त्या दिवशी मी उर्मटासारखी बोलले. आता तुमचं नाक उसनं द्या."

पहिली बरणी हुंगून मार्युक्का म्हणाल्या, "साबण." दुसरी उघडताच मान मागे घेतली. "हाच तो! अगं, हे कुठे टांगलं होतंस, धुराड्यात?"

हेल्काने तिथूनच बापाला फोन लावला. "बाबा, आहात तिथे थांबा. इंजिन बंद करा, खाली उतरा. मी येतेय." आरोग्य केंद्रात त्याचं रक्त घेतलं, त्यात धुराचं विष, कार्बन मोनॉक्साइड, निघालं. डॉक्टरांनी त्याला नाकाला ऑक्सिजन लावून झोपवलं.

ट्रक ओढून गॅरेजात आणला. यार्मोने केबिन पुढे कलती केली आणि सवयीने इंजिनात डोकावला. या खेपेला हेल्काने इंजिनाकडे पाहिलंच नाही. तिला दुखणं शोधायचं नव्हतं, धुराची वाट शोधायची होती. तिने विजेरी वर, केबिनच्या पोटावर धरली.

तिथे तळहाताएवढा काळा डाग होता. डागाच्या मधोमध एक भोक. जादा दिव्यांची वायर कालेर्वोने तिथून वर नेली होती, रबराचं बूच परत बसवलंच नव्हतं.

"आता केबिन खाली आल्यावर या डागासमोर काय येतं?"

यार्मोने बोटाने हवेत रेघ ओढली आणि बोट इंजिनाचा धूर बाहेर काढणाऱ्या मॅनिफोल्डपाशी थांबलं. ईजीआरकडे जाणारा घड्याघड्यांचा लवचीक पाइप. वर उष्णतेचं जाड वेष्टण, बाहेरून अगदी साजरं. सोडलं, तर आत काजळी आणि अर्ध्या घेरापर्यंत गेलेली चीर. थंड असताना मिटलेली. चढावर पाइप तापून ताणला की उघडायची. धूर टर्बोचं चाक फिरवायच्या आधीच निसटे, म्हणून ट्रकला दम नव्हता. आणि थंडीसाठी पुढच्या जाळीवर पडदा लावलेला, तेव्हा धूर उडवून न्यायला खालून वारं नाही. तो धूर भोकातून वर जात होता.

"ट्रकची धाप आणि तुझ्या बापाचं डोकं," यार्मो हळूच म्हणाला, "एकाच चिरेतून."

नवा पाइप लागला, बूच बसलं. ट्रक चढ चढायला लागला. बापाचं काय, ते मात्र कोणताच स्कॅनर सांगेना. डॉक्टर म्हणाले, थांबा आणि बघा. हेल्का बघत राहिली.

महिन्याभराने, एका गुरुवारी, कालेर्वोने ताटलीत चमचा फिरवला. "मोहरी विसरलीस. वाटाण्याच्या सूपला मोहरी नाही? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ती हसता हसता रडली. मग ओइवाला कोट चढवला आणि बापाच्या हातात दिलं. खिडकीतून पट्टा लागलेला दिसेपर्यंत श्वास मात्र सोडला नाही.

तुमच्याही घरातलं कोणी दिवसभर गाडीत बसत असेल. कामाच्या दिवसांत त्याचं डोकं दुखतं आणि सुट्टीला थांबतं का, तेवढं आज विचारा. आणि त्याचं जॅकेट शेजारणीला हुंगायला द्या. स्वतःच्या नाकावर जाऊ नका.