रुसव्याची टेकाडं

आमच्या वस्तीमागच्या माळावर जुन्या काळच्या थडग्यांची तीन टेकाडं आहेत. त्यांना रुसव्याची टेकाडं म्हणतात. घरात रुसलेल्यानं तिथं जाऊन बसायचं आणि ज्याच्यावर रुसवा असेल त्यानंच भाकरी नेऊन समजूत काढायची. दुसऱ्या कुणाची भाकरी चालत नाही. हा नियम करणाऱ्याला सून नसणार.

त्र्याण्णवच्या माघात माझ्या नवऱ्यानं घरातल्या शेवटच्या बारा मेंढ्या विकल्या आणि स्वतः भिगवणला पसार झाले. आमच्या मामंजींचे, आबाजींचे, गुडघे गेलेले, मेंढ्यांमागं फिरणं होईना. त्यामुळं सासूबाईंनीच विकायला होकार दिला होता. मामंजी त्यांना वैरीण म्हणाले आणि पश्चिमेच्या टेकाडावर जाऊन बसले. तो शब्द लागला म्हणून सासूबाई पूर्वेच्या टेकाडावर! आता कुणी कुणाला भाकरी न्यायची? सकाळपासून दोघं उपाशी, एकमेकांकडं पाठ करून. मला दोघांचा राग येत होता आणि कीवही.

जुन्या थडग्यांचा अभ्यास करायला पुण्याहून आलेल्या संजीवनीबाई मधलं टेकाड उकरत होत्या. मी तिथंच माती वाहायला होते. बाईंनी वही काढून टेकाडांच्या नावातला रुसवा म्हणजे काय ते विचारलं. मी दोन्हीकडं हात केला.

"ह्यो काय, बसलाय की दोन्हीकडं."

दुपारी हाडं लागली. डोक्याशी मडकं आणि एक वाडगा. वाडगा लागल्याचं कानावर पडलं तसं मामंजींना राहवेना. त्यांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"बाई, वाडगा कशापायी?"

"मेलेल्या माणसाला जेवण ठेवायचे, आबा. तीन हजार वर्षं झाली असतील."

मामंजींनी वळून सासूबाईंच्या टेकाडाकडं पाहिलं.

"म्हंजी भाकरी आली व्हती," ते म्हणाले, "पर लई उशिरा आली."

मग गुडघे धरत उतरले आणि घराकडं गेले. परत आले ते फडक्यात भाकरी-ठेचा बांधून, आणि थेट सासूबाईंच्या टेकाडावर चढले. चढताना तीनदा थांबले.

"खा. वैरीण न्हाईस तू. माझीच जीभ घसरली."

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"त्यो वाडगा भरल्याला घावला का रिकामा?"

"रिकामाच."

"मंग खाल्लं आसंल त्यानं," असं म्हणून सासूबाईंनी भाकरी मोडली आणि मोठा तुकडा मामंजींच्या हातात दिला.