शेजारच्या टेबलावरच्या बायका

कॅनडातल्या रिचमंड हिलच्या लायब्ररीत, खिडकीजवळच्या टेबलावर सुनंदाताई नऊ वर्षं दर शनिवारी मुलांना गणित शिकवत होत्या. फुकट. शाळेतली नोकरी संपली तरी हातातली पेन्सिल सुटली नव्हती. अलीकडे मुलं पांगली, कुणी ऑनलाइन क्लासला, कुणी हॉकीला. उरली होती एकटी जाई, मराठी मंडळातल्या जयदीपची नऊ वर्षांची मुलगी. तीही गेली, की सुनंदाताईंच्या शनिवारला काही अर्थच उरणार नव्हता.

त्यामुळे जानेवारीत शेजारच्या टेबलावर पाच कृष्णवर्णीय बायका येऊन बसल्या, तेव्हा त्यांची नजर तिकडे गेली ती गेलीच. पाचहीजणींचे स्वेटर एकाच गडद वांगी रंगाचे. भेटल्या की हाताची एक खूण करायच्या, एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणायच्या आणि सुनंदाताई जवळून गेल्या की गप्प व्हायच्या.

“पंथबिंथ असणार काहीतरी,” त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

रवींद्ररावांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. “संक्रांतीला तुम्ही मंडळातल्या झाडून साऱ्या बायका काळ्या साड्या नेसून जमता. लोक काय म्हणत असतील?”

“आम्ही तिळगूळ वाटतो!”

“मग त्या काय वाटतात ते बघ ना आधी.”

सुनंदाताईंनी बघितलं. त्या काहीच वाटत नव्हत्या. त्यांच्यातली पांढऱ्या वेण्यांची, जिला बाकीच्या ‘सिस्टर मार्व्हा’ म्हणायच्या, ती तर नुसती जाईकडे बघायची आणि वहीत लिहायची. तिसऱ्या शनिवारी सुनंदाताई वॉशरूमहून परतल्या, तर मार्व्हा जाईपाशी वाकलेली. त्यांना बघताच ती उठली, आणि जाईनं काहीतरी पटकन जॅकेटखाली सारलं.

“काय म्हणत होत्या गं त्या?”

“नथिंग, आजी.” कान मात्र लालबुंद.

पुढच्या शनिवारी जाई आल्या आल्या म्हणाली, “आजी, कॅन आय सिट देअर टुडे? थोडा वेळच.”

सुनंदाताई तडक पलीकडे गेल्या.

“ती माझी विद्यार्थिनी आहे. वहीत काय लिहिता तिच्याबद्दल?”

मार्व्हानं वही त्यांच्यापुढे फिरवली. “तुमच्याबद्दलही लिहिलंय, मिसेस देव. वाचा.”

‘खिडकीजवळच्या बाई. धीर फार. मुलीला टाकून बोलत नाहीत. प्रत्येक उदाहरण स्वतःच वाचून दाखवतात.’

“हेरगिरी करता?”

“नव्या जागी आम्ही महिनाभर नुसतं बसतो. आधीपासून कोण शिकवतंय ते बघतो. कुणाला धक्का मारून पुढे जायचं नाही, असा आमच्या शाखेचा नेम आहे.” मार्व्हानं त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. सुनंदाताई बसल्या नाहीत. “आमची सोरॉरिटी, म्हणजे भगिनीमंडळ, शंभरावर वर्षांचं आहे. कॉलेजात ज्यांना कुणी आपल्यात घेत नव्हतं, अशा काळ्या मुलींनी सुरू केलं. कॉलेज सुटलं तरी हे बहीणपण सुटत नाही. मला एकाहत्तरावं वर्ष चालू आहे. माझ्या आधीच्या सिस्टर्स चर्चच्या बेसमेंटमध्ये मोठ्या माणसांना वाचायला शिकवायच्या. वाचता येत नाही हे लपवणारा माणूस आम्हाला लांबून कळतो.”

“जाईला वाचता येत नाही? फाडफाड इंग्लिश बोलते ती!”

“बोलते. आज उदाहरण तिला वाचू द्या.”

ह्या बाईला खोटं पाडायचंच, असं ठरवून सुनंदाताई आपल्या टेबलावर परतल्या. कागद जाईपुढे ठेवला आणि गप्प बसल्या. जाई सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बोट टेकवून म्हणाली, “अ... बेकर... हॅज...” पुढे एक लांब शब्द होता. बोट तिथेच थांबलं.

“यू रीड इट, आजी. यू ऑल्वेज रीड इट.”

खरंच. पोर बावरू नये म्हणून सहा महिने त्यांनी एकूण एक उदाहरण वाचून दाखवलं होतं. ऐकलेलं गणित जाई चटकन सोडवायची, आणि त्या शाबासकी द्यायच्या.

जाईनं जॅकेटखालून एक पातळ पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर कुत्र्याचं पिल्लू. चार वर्षांच्या मुलांचं पुस्तक.

“पूर्ण वाचून झालं की तुला सांगणार होते.” ह्या वेळी ती मराठीत बोलली.

सुनंदाताईंनी पिशवी उचलली. जाईचे डोळे भरून आले. “क्लास संपला?”

“ऊठ. तुझी खुर्ची घे.” स्वतःची खुर्ची ओढत त्या पलीकडच्या टेबलाशी गेल्या. “वाचन तुमचं,” मार्व्हाला म्हणाल्या, “गणित माझं.”

“कबूल.”

“आणि ती हाताची खूण कसली?”

पाचहीजणी हसल्या. “ते नाही सांगायचं, मिसेस देव.”

“बघतेच मी,” असं म्हणून सुनंदाताईंनी चष्मा सारखा केला आणि पुस्तक उघडून जाईपुढे ठेवलं. वाचून मात्र दाखवलं नाही.