छपरावर फेकलेला दात

ढकलगाडीत बसायचं नाही, म्हणून वामेच्या आईने हजारदा बजावलं होतं. पण आई, सेटुन्या, पडली दूर फ्रान्सिसटाउनच्या हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा घरी येणारी. आठ वर्षांची वामे राहायची मोचुडी गावात, मावशीकडे. आणि मावशी म्हणजे गोराता. तिला पोरीला नाही म्हणणं या जन्मात जमलं नाही.

त्या शनिवारी नळावरून पाण्याचे कॅन आणताना वामे म्हणाली, "मावशी, बसू?"

"बस की! पळवते बघ कशी!"

गोराताकडून वेण्या घालून घ्यायला गावातली कागोची आई यायची होती, उशीर झालाच होता. पळवली हिने गाडी. दोघी नुसत्या खिदळत होत्या. कुंपणाच्या वळणावर चाक दगडाला अडलं, आणि वामेचं तोंड लोखंडी कडेवर आदळलं.

रक्त बघून गोराता धावली. तिने चुळा भरायला लावल्या, ओठावर ओलं फडकं दाबून धरलं, मग वाळूत पडलेला दात उचलला. वरचा, पुढचा. आणि उचलला तेव्हाच तिला शंका आली होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दुधाचा दात कसा, मक्याच्या दाण्याएवढा असतो. हा चांगला लांब, मुळासकट निघालेला. पण पोरगी हंबरडा फोडतेय, शेजारणी कुंपणावरून डोकावतायत; गोराताला तेव्हा फक्त ते रडणं थांबायला हवं होतं.

"रडतेस काय, येडे? दात पडला म्हणजे मोठी झालीस!"

"पण तो हलत नव्हता."

"हलत असणार. तुला कळलं नसेल. चल, छपरावर टाकू, नवा येईल."

छपरावर म्हणजे अंगणातल्या जुन्या गोल झोपडीच्या. नव्या घराला पत्रे होते, पण दात टाकायचा तो गवताच्याच छपरावर. या घरातल्या सगळ्यांचे तिथेच गेलेले. वामेने हात मागे घेतले. "तूच फेक मावशी," ती म्हणाली. गोराताने फेकला. "हा घे, नवा दे!" वामे सुजल्या ओठांनी बोबडं ओरडली आणि चक्क हसली. सुटलो बाई, असं गोराताला वाटलं.

अर्ध्या तासाने कागोची आई आली, वेण्यांसाठी. बाई दवाखान्यात परिचारिका. वामेने तिला कौतुकाने खिंड दाखवली. बाईने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"दात कुठाय?"

"छपरावर," गोराता म्हणाली.

"अगं, हा कायमचा दात! दुधाचा कधीच पडून गेलाय हिचा. लगेच दुधात टाकून आणला असतास तर परत बसवता आला असता कदाचित. दूध नव्हतं का घरात?"

दूध होतं. चहासाठी आणलेलं, चुलीशेजारी, झाकून ठेवलेलं.

गोराता शिडी लावून वर चढली. मुठीमुठीने गवत उपसलं, बोटं सोलवटली, ताटाएवढी जागा उघडी पडली. दात काही सापडला नाही. खालून कागोची आई ओरडली, "उतर आता, मान मोडून घेशील!" मग ती वामेला दवाखान्यात घेऊन गेली. जखम साफ झाली. पुढे मोठी झाली की खोटा बसवतील, असं तिथल्यांनी गोराताला बाजूला घेऊन सांगितलं. वामेला कोणी काही सांगितलं नाही. ते काम मावशीचं होतं, आणि मावशी ते रोज उद्यावर ढकलत राहिली.

वामे रोज सकाळी आरशापुढे उभी राहायची. "आज जरासं टोचतंय मावशी, बोट लावून बघ." गोराता बोट लावायची, "हो गं" म्हणायची, आणि लापशी ढवळायला वळायची. त्यावर आणखी एक पाप केलंन हिने. "आईला गाडीचं नको सांगूस हं," म्हणाली, "दात हलत होता म्हण." वामेने मान डोलावली.

महिनाअखेर सेटुन्या आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने वर पाहिलं.

"छपराला काय झालं?"

"वारं आलं होतं," वामे म्हणाली.

"आणि तुझ्या दाताला?"

"हलत होता. आपोआप पडला." पोरगी एकदाही अडखळली नाही. उलट मावशीकडे बघून हळूच डोळा मिचकावला तिने. गोराताने ते पाहिलं. दात घालवला तो घालवला, वर पोरीला खोटं बोलायला शिकवलं!

"ताई, थांब. खोटं आहे ते. मी शिकवलंय." गाडी, दगड, दात, दूध, सगळं तिने उभ्याउभ्या ओकून टाकलं. सेटुन्या मटकन पिशवीवरच बसली.

"एवढं एकच सांगितलं होतं ना गं तुला," ती म्हणाली. "गाडीत बसवू नकोस. एवढं एकच."

"मार मला, ताई. काहीतरी बोल."

"तुला मारून काय पोरीचा दात येणारे?"

वामे आळीपाळीने दोघींकडे बघत होती. तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"मावशी, म्हणजे नवा येणार नाही?"

गोराता तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. महिनाभर जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. "नाही गं राणी. नाही येणार."

वामेने जिभेने खिंड चाचपली. उघड्या छपराकडे बघितलं. रडली नाही ती.

"तुला माहीत होतं?"

"थोडं थोडं."

"मग फेकलास कशाला?"