थट्टेचं नातं

सामो माणसाने मोशीला गुलाम म्हणावं, मोशीने सामोला कुत्रंखाऊ म्हणावं, आणि दोघांनीही रागवायचं नाही, हे या दोन जमातींचं पूर्वजांपासूनचं नातं. वागादुगू या राजधानीच्या लष्करी छावणीत टेलिफोनच्या लाइनी जोडून देणारा सार्जंट लासिना पारे सामो, आणि दारूगोळ्याच्या कोठाराचा प्रमुख कॅप्टन तिबिला तापसोबा मोशी. म्हणून हुद्द्यात जमीन-अस्मानाचं अंतर असूनही लासिना बारा वर्षं त्याला बिनधास्त अरे-तुरे करत आला होता.

तिबिला तसा हसरा माणूस नव्हे. खेड्यातून रोज चार कोस सायकल मारून शिकलेला, नियमाला पक्का. कोठाराची किल्ली झोपतानाही गळ्यात. छावणीत त्याला सगळे वचकून असत. लासिना आला की मात्र गडी खुलायचा.

त्या मंगळवारी सकाळी लासिनाने टेलिफोनवर नको ते ऐकलं. उद्या पहाटे सरकार उलथवायचं, आधी कोठार ताब्यात घ्यायचं, कॅप्टनने किल्ली दिली नाही तर त्याला तिथेच आडवा करायचा. बोलणारा होता लेफ्टनंट कांदो.

दुपारी तो तिबिलाच्या घरी गेला, तर अंगणात आंब्याखाली कांदोच कॅप्टनबरोबर जेवत बसलेला. परत फिरावं तर संशय यायचा. गप्प राहवेना आणि खरं बोलायची छाती होईना. मग त्या शहाण्याने मधली वाट काढली.

"ए गुलामा," तो दारातूनच म्हणाला, "उद्या पहाटे तुला गोळी घालणारेत. आजच पळ काढ. नाहीतर सायकल माझ्या नावावर करून मर."

तिबिला ठसका लागेपर्यंत हसला. "मेलो तरी कुत्रंखाऊला सायकल देणार नाही. बस, भेंडीचं कालवण घे."

कांदोही हसला. लासिना बसला आणि जेवला. एकदा, फक्त एकदा, त्याने 'कॅप्टनसाहेब' अशी हाक मारली असती तर तिबिला हातातला घास टाकून उठला असता. हे लासिनाला जेवतानाही कळत होतं.

पहाटे तिबिलाने किल्ली दिली नाही. कोठाराच्या दारातच त्याला चार गोळ्या लागल्या. दुपारपर्यंत रेडिओवर नवं सरकार बोलायला लागलं.

थट्टेच्या नातेवाइकाने मयताला यायचं, मेलेल्याची टोपी घालून त्याची नक्कल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं, हा रिवाज. लासिनाला तो चुकवता येईना. तिसऱ्या दिवशी तो आला, तिबिलासारखा ताठ चालला, तिबिलासारखा खेकसला. लोक डोळे पुसत हसले. मग त्याला ते सोसेना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "टेलिफोनवर ऐकलं होतं मी सगळं. माझ्यामुळे मेला हा."

अंगण खदाखदा हसलं. एक म्हातारा म्हणाला की या सामोला दुसऱ्याच्या मरणाचंही श्रेय हवं.

तिबिलाची बायको पोको तेवढी हसली नाही. ती उठून त्याच्याजवळ आली.

"तुझी बायको मंगळवारी सकाळीच मुलांना घेऊन गावी गेली," ती हळू आवाजात म्हणाली. "तिलाही असंच हसत सांगितलंस?"

लासिनाने मान खाली घातली. "नाही वहिनी. तिला नीट बसवून सांगितलं."

पोकोने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि ती आत निघून गेली.