निवडुंगावरचा कापूस

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात शेषरावानं अमरावतीहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. गावात वेळ कोणालाच वाचता येत नव्हती, पण टोले ऐकायला दिवसभर माणसं बसायची. समोरच्या घरातल्या खुशालरावाला ते टोले छातीवर पडल्यासारखे वाटत.

म्हणून दिवाळीआधी कापसाच्या बैलबंड्या अकोल्याला गेल्या तेव्हा तोही काहीतरी घ्यायचं ठरवूनच गेला. कापूस घेणारा एक साहेब बंगला सोडून मुंबईला निघाला होता. त्याचं सामान विकायला काढलं होतं. खुशालराव पोचला तेव्हा खुर्च्या, आरसे, सगळं गेलेलं. व्हरांड्यात एक कुंडी तेवढी उरली होती. तिच्यात फड्या निवडुंग, पण बिनकाट्याचा. खुशालरावानं ती कडब्यात गुंडाळून बंडीत आपल्या मांडीशी ठेवून आणली.

त्याची बायको सुभद्रा ओसरीवर आली, कुंडीकडं पाहून म्हणाली, "अवो, निवडुंग तर आपल्या वावराच्या धुऱ्यावर कुंपनाले हाय. मंग हा कावून आणला?"

"हा विलायती हाय. याले काटे नाईत."

"मंग हा कामाचाच नाई. ढोरं कशी अडतील?"

खुशालरावानं कुंडी ओसरीच्या मधोमध ठेवली, शेषरावाच्या दारातून दिसेल अशी.

पौषात निवडुंगाच्या फड्यांवर पांढरे पुंजके दिसू लागले. मऊ, लोकरट, थेट कापसासारखे. शेजारची पार्बताबाई विस्तव मागायला आली होती. तिनं एक पुंजका चिमटीत धरून दाबला, तर बोटं लालभडक झाली.

"अवं माय!" ती ओरडली. "कापूस अन् त्याच्यात कुकू! लक्षुमी आली वं सुभद्रे!"

दुपारपर्यंत ओसरी भरली. नारळ फुटले. टोले ऐकायला शेषरावाकडं कोणी राहिलं नाही. शेवटी शेषराव स्वतः आला, हात जोडून उभा राहिला, आणि खुशालरावाला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. जो तो पुंजका मागू लागला आणि खुशालरावानं हात आखडता घेतला नाही. लोकांनी तो प्रसाद आपापल्या धुऱ्यावरच्या निवडुंगाला नेऊन लावला, की देवी आपल्याही वावरात यावी. आणि देवी आलीही. माघात गावाभोवतीची कुंपणं पांढरी दिसू लागली.

फाल्गुनात कुंडीतला निवडुंग मलूल झाला. फडे पिवळे पडून मान टाकू लागले. खुशालराव जवळ बसून पाहू लागला तेव्हा एका पुंजक्याखालून काहीतरी सरकलं. त्यानं काडीनं उकरलं. आत बारीक किडे फड्याला तोंड लावून चिकटले होते, गोचिडासारखे. कुंकू होतं ते त्यांच्या पोटातलं.

पण बोलणार कसं? साऱ्या गावानं प्रसादाचे नारळ खाल्ले होते! दुपारी माणसं वावरात गेली की तो दार लावून घ्यायचा, आपली खायची तंबाखू पाण्यात भिजत घालायचा आणि त्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक फडा पुसायचा. जो फार सडला होता तो कापून चुलीत टाकला. निवडुंग सावरला. "पुंजके कुठं गेले?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "देवी माहेरी गेली."

धुऱ्यावरची देवी मात्र कुठंच गेली नाही. उन्हाळाभर कुंपणं वाळत राहिली आणि आषाढात, कापूस वीतभर वर आला तेव्हा, भुईसपाट झाली. गावची ढोरं मोकळी वावरात शिरली. पहिलं शेषरावाचंच वावर साफ झालं.

पारावर बैठक बसली. खुशालरावाला राहवलं नाही. उठून म्हणाला, "भाऊहो, ते देवी नोहोती. ते कीड होती. मी माह्या डोयानं पायली."

मग शेषराव उठला.

"वा रे खुशालराव! सगळ्याइचे निवडुंग मेले, तुयाच जिता हाय. अन् आमाले सांगतं कीड! देवी एकट्याले ठेवाची हाय का तुले?"

सगळ्यांना ते पटलं. खुशालराव मान खाली घालून घरी आला. सुभद्रा तांदूळ निवडत होती.

"खरं सांगतलं, तं शिव्या खाल्ल्या," तो म्हणाला.

"कीड म्हनून कोन धुईन?" ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "देवी म्हना. उद्या सारं गाव चिंध्या घेऊन येते का नाई, पाहा."

त्यानं दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं की देवी रुसली आहे, तिला तंबाखूच्या पाण्याचं न्हाण पाहिजे, आणि सडका फडा जाळून वाहिला पाहिजे. कोणी एक शब्द विचारला नाही. तल्लफ मारून, कुरकुरत का होईना, गावानं तंबाखूच्या पुड्या आणून दिल्या. उरलीसुरली कुंपणं धुतली गेली. जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं थोर या काटेरी झाडाचे खुंट ठोकून, त्यांच्यामध्ये चांगले फडे रोवले.

कुंपणं वाढू लागली. फक्त एक अडचण झाली. न्हाण खुशालरावाच्या हातचंच लागतं, असं गावानं ठरवलं. त्यामुळं भर उन्हात, काटे चुकवत, तंबाखूच्या वासानं डोकं धरलेलं असताना, तो शेषरावाच्या धुऱ्यावर फडे पुसत बसलेला दिसायचा. शेषराव बांधावर सावलीत उभा असे, भक्तिभावानं हात जोडून.

"भाऊ," तो मधूनच म्हणे, "त्या कोपऱ्यातली देवी राह्यली."